एड्सचे शिक्षण : भय आणि बोध

वसई तालुक्यातल्या राजोडी गावच्या वाड्यांतली भाजी आणि फुले पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजाराची वाट धरतात. गिऱ्हाईक जुडी उलटसुलट करून पाहते, भाव पाडून मागते, परंतु विकणारीच्या रक्ताची चौकशी करावी असे त्याच्या स्वप्नातही येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने मात्र नेमकी हीच चौकशी केली : विक्रेत्याला एचआयव्हीची, म्हणजे एड्सच्या विषाणूची, लागण आहे हे ठाऊक असता त्याच्याकडून तुम्ही ताजी भाजी घ्याल काय? अन्न, पाणी, स्पर्श किंवा डास यांच्यावाटे हा विषाणू संक्रमित होत नाही, हे ज्याच्या मनात पक्के ठसले आहे, तोच या प्रश्नाला निःशंकपणे होकार देऊ शकतो. 2019-21 च्या त्याच पाहणीत एचआयव्हीविषयी सर्वांगीण ज्ञान असलेल्या स्त्रिया 21.6 टक्के आणि पुरुष 30.7 टक्केच आढळले. नाव कानांवरून गेलेले पुष्कळ. बोध झालेले थोडे.

याचे कारण आपल्या शिक्षणाच्या आरंभातच आहे. 1986 साली मद्रासेत भारतातली पहिली लागण उघडकीस आली, तेव्हा जो धडा समाजापुढे ठेवला गेला तो मुख्यत्वे मृत्यूच्या भयाचा होता. गोव्यात 1989 साली डॉमिनिक डिसूझा या नियमित रक्तदात्या तरुणास, केवळ त्याच्या रक्तात विषाणू आढळला म्हणून, कायद्याच्या अंमलाखाली म्हापशाच्या जुन्या क्षयरुग्णालयात दोन महिन्यांहून अधिक काळ स्थानबद्ध करण्यात आले. ज्या मुलुखात तपासणीचे फळ अटक हे असते, तेथे तपासणीस आपण होऊन कोण जाईल? भयाने माणूस रोगापासून दूर जात नाही, दवाखान्यापासून दूर जातो.

याउलट सांगलीचे उदाहरण आहे. 1992 पासून ‘संग्राम’ संस्थेने देहविक्रयाचा धंदा करणाऱ्या स्त्रियांनाच शिक्षिका केले. त्यांतून पुढे वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. एकटी स्त्री निरोधाचा आग्रह धरील तर गिऱ्हाईक शेजारच्या दारी जाते. साऱ्या गल्लीनेच तो आग्रह धरला तर त्याला दुसरे दार उरत नाही. ज्ञानाला संघटनेचे आणि स्वाभिमानाचे बळ मिळाले, म्हणजेच त्याचे आचरण होते, हा यातला बोध आहे.

विज्ञानाने त्यात आणखी भर घातली. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचाही ज्यात सहभाग होता, त्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने 2011 साली दाखवून दिले की, लवकर औषधोपचार सुरू केल्यास जोडीदारास होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते; आणि ज्याच्या रक्तातील विषाणू औषधांनी तपासणीत न सापडण्याइतका क्षीण झाला आहे व तसाच राहिला आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही, हेही आता सिद्ध आहे. ही औषधे 2004 पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. अर्थात जो शेजारी बाधिताला वाळीत टाकतो, तो इतरांना तपासणीपासून परावृत्त करून स्वतःच्याच गावाची हानी करतो. प्रतिबंध आणि सहानुभूती ही दोन निरनिराळी खाती नव्हेत. एकावाचून दुसरे चालत नाही.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून, खटले सोसून, लैंगिकतेच्या ज्या विषयाला वाचा फोडली, त्याच विषयाच्या शालेय शिक्षणास 2007 साली याच महाराष्ट्रात मज्जाव झाला, ही गोष्ट क्लेशकारक आहे. 2017 च्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्याने नोकरी, शाळा, दवाखाना आणि भाड्याचे घर यांत बाधितांशी भेदभाव करण्यास बंदी केली, संमतीवाचून तपासणीही निषिद्ध ठरविली. परंतु कायदा शेजाऱ्याचे मन बदलू शकत नाही. ते काम राजोडीसारख्या गावच्या शाळेने, चर्चच्या सभागृहाने, महिला मंडळाने आणि तरुणांच्या मंडळाने करावयाचे आहे : निरोधाचे नाव न अडखळता घ्यावे, 1097 हा मोफत क्रमांक फळ्यावर लिहावा, आणि राजीखुशीने बोलू इच्छिणाऱ्या बाधित व्यक्तीस सन्मानाने व्यासपीठावर बसवून तिचे म्हणणे गावाने ऐकावे.