रायगडला जाताना महाडला उतरा

दिवाळीची सुट्टी संपली रे संपली की शाळाशाळांतून सहलीचं वारं सुरू होतं. वर्गणी गोळा होते, डब्यात काय न्यायचं ते ठरतं आणि खिडकीच्या जागेवरून आठ दिवस आधीच भांडणं लागतात! आमच्या सातारा जिल्ह्यातल्या पुष्कळ शाळांची एक ठरलेली वाट आहे. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरायचा, वाटेत प्रतापगड पाहायचा, पोलादपूरवरून महाड आणि पुढे रायगड. गाडी मात्र दोन गडांच्या मध्ये थांबते ती फक्त चहाला. मला ते काही पटत नाही.

प्रतापगडाबद्दल जास्त सांगत नाही. १० नोव्हेंबर १६५९ ची हकिकत चौथीच्या मुलांना तोंडपाठ असते, कधी कधी तर ती गाइडलाच दुरुस्त करतात! गडावरच्या महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण पंडित नेहरूंनी १९५७ साली केलं, एवढं वहीत लिहून घ्या.

घाट उतरलात की पोलादपूर. इथून जवळच उमरठ गाव आहे. तानाजी मालुसऱ्यांची समाधी तिथे आहे. कोंढाण्यावर ते १६७० साली पडले. आता नकाशा उघडा आणि सिंहगडापासून उमरठपर्यंत बोट फिरवा बरं. मध्ये सह्याद्रीची अख्खी रांग आडवी येते. आपल्या माणसाला गावी आणायचं म्हणून ती ओलांडली गेली.

पोलादपूरहून महाडला येताना सावित्री नदीवरचा पूल लागतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुराच्या पाण्यात इथला इंग्रजांच्या काळातला जुना पूल वाहून गेला. अंधारात दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहनं नदीत गेली. पुढच्याच वर्षी नवा पूल वाहतुकीला खुला झाला. आपली गाडी तो दोन मिनिटांत पार करते. तेवढ्यात मुलांना हे सांगावं, असं मला वाटतं. गाडी एकदम शांत होते.

आणि मग महाड. इथे गावात चवदार तळं आहे. एका सहलीच्या वेळी एक पालक मला म्हणाले, "बाई, तळं काय बघायचं? तळं आमच्या गावातपण आहे की!" बरोबर आहे. पायऱ्या आणि पाणी, एवढंच पाहिलं तर ते तळंच आहे. पण गोष्ट ऐका.

शंभर वर्षांपूर्वी या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत, पण ज्यांना 'अस्पृश्य' म्हटलं जाई त्या माणसांना तिथे बंदी होती. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तसा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं, पण पाण्याला हात लावायची कुणाची छाती होईना. तेव्हा १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह रांगेने चालत तळ्यावर आले आणि ओंजळीने पाणी प्यायले.

त्यानंतर काय झालं? ही मंडळी आता देवळात शिरणार अशी आवई उठली आणि परिषदेला आलेल्यांना जेवताखाता मारहाण झाली. मागाहून तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं गेलं. नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला, पण कधी? मार्च १९३७ मध्ये! पाण्याच्या एका ओंजळीसाठी दहा वर्षं.

हे सांगून झाल्यावर तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, पण त्यांना तहान लागली तर ते तेव्हा काय करायचे?" मी तिला खरं तेच सांगितलं. कुणीतरी वरून पाणी ओतेल याची वाट बघायचे. ती बराच वेळ हातातल्या बाटलीकडे बघत होती. आमच्या त्या पालकांनीही टोपी काढली होती.

महाडहून रायगड साधारण पंचवीस किलोमीटर. पायथ्याशी पाचाडला जिजाऊंची समाधी आहे, तिथे थांबल्याशिवाय वर जाऊ नका. गडावरची थंड हवा, वारा त्यांना सोसत नसे म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी इथे वाडा बांधला. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि अकराच दिवसांनी, १७ जूनला, आऊसाहेब गेल्या. लेकाला सिंहासनावर बसलेलं पाहिलं आणि मगच गेल्या, असं आमची आजी सांगायची.

गडावर जायला १९९६ पासून रोपवे आहे. तरी मोठ्या मुलांनी पायऱ्या चढाव्या. दीड हजारांच्या आसपास आहेत. दम लागतो, पण मावळ्यांच्या रोजच्या चालण्याची कल्पना येते. वर नगारखान्याखाली उभं राहून हळू बोललेलं सिंहासनाच्या जागी ऐकू येतं, याची परीक्षा मुलं घेतातच! मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी इथले वाडे जळाले, म्हणून आज जोतीच दिसतात. जगदीश्वराच्या देवळाच्या एका पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजींचं नाव कोरलेलं आहे, ते शोधा. आणि आपलं नाव मात्र खिळ्याने कुठे कोरू नका हं! हिरोजींनी आधी अख्खा गड बांधला होता. २०२५ साली युनेस्कोने आपल्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत रायगड आणि प्रतापगड दोन्ही आहेत.

पालकांसाठी थोडं. शाळेच्या सहलीला एस.टी. निम्मं भाडं घेते. पावसाळ्यात आंबेनळी घाटात दरडी पडतात, तेव्हा डिसेंबर-जानेवारीच बरा. पहाटे लवकर निघा. महाडला अर्धा तास हाताशी ठेवा, आणि उन्हं कलायच्या आत गड उतरायला लागा.