राजा तोच, राज्य मात्र दुसरे!

वाराणसीपासून सुमारे १० किलोमीटरवर सारनाथ आहे. तेथील संग्रहालयात सम्राट अशोकाच्या स्तंभाचे सिंहशीर्ष आजही दिमाखात उभे आहे. हाच अशोक फेब्रुवारी २०२५ मध्ये 'सिव्हिलायझेशन ७' या संगणकीय खेळात राजा म्हणून आला, पण जुने चाहते मात्र खट्टू झाले.

असे का व्हावे? १९९१ मध्ये सुरू झालेल्या या खेळमालिकेची गोडी साधी होती. एक वस्ती वसवायची, शेती, विद्या, सैन्य वाढवायचे आणि तेच राज्य अंतराळयुगापर्यंत न्यायचे. 'आणखी एकच खेळी' म्हणता म्हणता रात्र सरायची.

सातव्या भागात डाव तीन युगांत विभागला गेला. खेळ आला तेव्हा युग संपले की राजा तोच राहत असे, राज्य मात्र बदलावे लागत असे. मौर्यांचा भारत उभारणाऱ्याला पुढे चोल, मग मुघल निवडता येत, पण मौर्य राहत नसत. आपण वाढवलेले रोप दुसऱ्याच्याच नावाने फुलावे, तशी ही चुटपुट!

निर्मात्यांचीही बाजू आहे. अनेक खेळाडू लांबलेला डाव अर्ध्यावरच सोडत, म्हणून प्रत्येक युगाला नवी सुरुवात दिली गेली. शिवाय इतिहासातही राजवटी बदलतातच.

काशीनेही कितीतरी राजवटी पाहिल्या. १८व्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी येथे विश्वनाथाचे मंदिर नव्याने उभारले. राज्यकर्ते बदलले, तरी काशी काशीच राहिली. चाहत्यांना खेळात हवे होते ते हेच सातत्य!