पावसाळ्यानंतर नौकेचें इंजिन

ऑगस्ट महिना लागला कीं शहरांतील घरोघरीं ताज्या पापलेटाची वाट पाहिली जाते. त्याच सुमारास किनाऱ्यावरील प्रत्येक कोळीवाड्यांत दुसऱ्याच गोष्टीची काळजी असते : दोन महिने गप्प पडलेलें इंजिन पहिल्या दिवशीं चालेल काय, आणि चाललें तर खोल समुद्रांत दगा तर देणार नाहीं ना?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. या काळांत सातपाटीपासून मालवणापर्यंत नौका वर ओढून, झावळ्यांनीं किंवा ताडपत्रीनें शाकारून ठेवतात. लांकडाला ही विश्रांति मानवते. इंजिनाला मात्र ती बहुधा बाधते.

डीझेल इंजिनांत ठिणगी नसते. सिलिंडरांतील हवा दट्ट्यानें सोळा ते वीस पट दाबली जाते, आणि त्या दाबानें ती इतकी तापते कीं फवारलेलें तेल आपोआप पेटतें. दमट हवेनें झडपा गंजल्या किंवा दट्ट्यावरील कड्या चिकटल्या, म्हणजे हवा निसटते व इंजिन कितीहि फिरविलें तरी पेट घेत नाहीं. परंतु याहून मोठें संकट म्हणजे धुराच्या नळींतून आंत उतरलेलें पावसाचें पाणी. हवा दाबतां येते, पाणी दाबतां येत नाहीं. चहाच्या कपाएवढें पाणी सिलिंडरांत असतां बॅटरीच्या जोरानें इंजिन फिरविलें, तर दट्ट्याला जोडलेला दांडा वाकतो आणि हंगामाची कमाई दुरुस्तींत जाते. म्हणून जाणता मिस्त्री प्रथम कळ दाबीत नाहीं. तो इंजिन हातानें दोन फेरे फिरवून पाहतो. अडखळलें तर बळ न करतां नोझल काढून पाण्याला वाट देतो. अर्ध्या तासाचें हें काम घाईंत टळतें, कारण पहिल्या खेपेच्या मासळीला भाव चढा असतो!

दुसरा शत्रु डीझेलच्या टांकींत असतो. टांकी अर्धवट भरलेली राहिली तर वरच्या दमट हवेचे थेंब पत्र्यावर जमतात आणि, डीझेलपेक्षां जड असल्यानें, तळाशीं जातात. पाणी व डीझेल यांच्या सीमेवर जंतु आणि बुरशी वाढून बुळबुळीत साका तयार होतो. धक्क्याला बांधलेल्या नौकेंत हा साका तळाशीं स्वस्थ असतो, इंजिन उत्तम चालतें, आणि तांडेलाची फसगत होते. ऑगस्टांतला समुद्र पुरता निवळलेला नसतो. नौका हेलकावूं लागली कीं साका ढवळतो, फिल्टर तुंबतो, आणि इंजिन बंद पडलेली नौका लाटांना आडवी होते. शिडाच्या जुन्या मचव्यांना निदान हें भय नव्हतें.

तेव्हां टांकीच्या तळाची तोटी उघडून स्वच्छ डीझेल येईपर्यंत घाण काढून टाकतात आणि फिल्टर नवा घालतात. फिल्टर उघडतांना नळींत हवा शिरते. हवा आकसते, त्यामुळें पंपाचा दाब नोझलापर्यंत पोंचत नाहीं. त्यासाठीं पेंच सैल करून हातपंप मारावा लागतो, तो बुडबुडे थांबेपर्यंत. वंगणाचें तेल ताकासारखें पांढुरकें दिसलें तर त्यांत पाणी मिसळलें आहे असें समजून तें बदलतात.

इंजिन सुरू झाल्यावर दोन जागीं नजर हवी. तेलाचा दाब कांहीं सेकंदांत चढला पाहिजे, आणि समुद्राचें पाणी घेऊन थंड होणाऱ्या इंजिनांतून पाण्याची धार बाहेर पडली पाहिजे. धार नसेल तर तत्काळ बंद करावें. पंपांतील रबरी पंखा कोरडा फिरला कीं थोड्याच वेळांत जळतो. आरंभीचा पांढरा धूर तापल्यावर विरतो. तो टिकला तर इंधन नीट जळत नाहीं किंवा पाणी आंत जात आहे. निळा धूर वंगण जळत असल्याची खूण.

एवढ्यानेंहि अनुभवी तांडेल सरळ बाहेर जात नाहीं. नौका तासभर खाडीच्या मुखाशीं, जेथें लाट लागते तेथें, भरधांव फिरवून आणतो व फिल्टर पुन्हा उघडतो. त्यांत साका दिसला तर त्या दिवशीं जाळें नौकेंत चढत नाहीं.