भांडण जमिनीचे, नाव फुटबॉलचे

एल साल्वादोर आणि होंडुरास हे मध्य अमेरिकेतले दोन शेजारी देश. जुलै १९६९ मध्ये त्यांच्यात सुमारे शंभर तासांचे युद्ध झाले. त्याआधीच्या महिन्यात विश्वचषकाच्या पात्रता फेरीत हे दोन संघ तीनदा एकमेकांसमोर आले होते, म्हणून जगाने या लढाईला 'फुटबॉल युद्ध' म्हटले. पोलिश पत्रकार रिशार्द कापुश्चिन्स्की यांच्या लेखनाने ते नाव कायमचे रुजवले. नाव सुटसुटीत असले तरी दिशाभूल करणारे आहे. त्यामुळे दोन-तीन हजार माणसांच्या मृत्यूला एखाद्या विक्षिप्त किश्शाची कळा आली. खरे भांडण जमिनीचे होते आणि ते चेंडू मैदानात येण्याच्या कित्येक दशके आधी सुरू झाले होते.

एल साल्वादोरचे क्षेत्रफळ जेमतेम २१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या दीडपटही नाही. १९६९ मध्ये एवढ्या जागेत तीस लाखांहून अधिक माणसे राहत होती. शेजारचा होंडुरास आकाराने पाचपट मोठा, लोकसंख्येने मात्र लहान. एवढ्यावरून 'दाटी झाली म्हणून माणसे सरकली' असे म्हणणे सोपे आहे, पण अपुरे. १८८१ आणि १८८२ च्या कायद्यांनी एल साल्वादोरमधल्या गावांच्या सामाईक जमिनी मोडीत काढल्या. ज्वालामुखींच्या उतारांवरची कॉफीला मानवणारी सुपीक जमीन मूठभर कुटुंबांच्या हाती गेली. तिथे त्यांना 'चौदा घराणी' म्हणतात. आकडा काटेकोर नाही, पण त्यामागची गोष्ट खरी आहे. ज्यांची जमीन गेली ते कॉफीच्या हंगामापुरते मजूर झाले आणि उरलेले वर्ष रिकाम्या हातांनी काढू लागले. १९३२ मध्ये शेतकऱ्यांनी उठाव केला. लष्कराने तो असा चिरडला की मृतांचे अंदाज दहा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत जातात. त्यानंतर जमीनवाटपाची भाषा करण्याची सोयच उरली नाही, सीमा ओलांडण्याची मात्र होती.

पहिली माणसे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यावर अमेरिकी कंपन्यांच्या केळीच्या बागांत मजुरीला गेली. मागून आलेल्यांनी पडीक सरकारी जमिनीवर झुडपे तोडून मका आणि घेवडा पेरला. कुणी स्थानिकांशी लग्न केले, कुणाची मुले तिथेच जन्मली. १९६९ पर्यंत त्यांची संख्या तीन लाखांच्या आसपास गेली. याचा अर्थ होंडुरासमधला साधारण आठवा माणूस साल्वादोरी होता. एक-दोन पिढ्या शेत कसूनही आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखा कागद बहुतेकांकडे नव्हता.

होंडुरासमध्येही जमिनीचा प्रश्न पेटू लागला होता. तिथल्या भूमिहीनांच्या संघटना बळावत होत्या आणि त्यांचा रोख केळी कंपन्या व गुरांचे मोठे मालक यांच्यावर होता. १९६३ मध्ये बंड करून सत्तेवर आलेले जनरल ओस्वाल्दो लोपेस आरेयानो यांना या बड्यांना दुखवायचे नव्हते. सोपी वाट १९६२ च्या जमीन सुधारणा कायद्यात सापडली. या कायद्याखाली जमीन मिळण्याचा हक्क फक्त जन्माने होंडुरासी असलेल्यांना होता. कित्येक वर्षे तसेच पडलेले हे कलम आता बाहेर निघाले. मोठ्या जमीनदारांच्या संघटनेने परक्यांविरुद्ध प्रचाराची राळ उडवली. स्थलांतराविषयीचा दोन देशांमधला करार जानेवारी १९६९ मध्ये संपला, तोही होंडुरासने पुढे वाढवला नाही. वसंतात नोटिसा निघाल्या, मग कुटुंबेच्या कुटुंबे शेतावरून हुसकावली गेली. आपल्या भूमिहीनाला जमीन द्यायची, पण ती बड्याची नव्हे, शेजाऱ्याची, असा हा हिशेब होता.

व्यापारातही धुसफुस होती. १९६० मध्ये स्थापन झालेल्या मध्य अमेरिकी सामाईक बाजारपेठेचा फायदा कारखानदारीत पुढे असलेल्या एल साल्वादोरने उचलला आणि होंडुरासला त्याच्या मालाचे गिऱ्हाईक होऊन राहावे लागले. जमिनीच्या प्रश्नापुढे हे दुय्यम होते, पण शहरी होंडुरासींच्या रागाला त्याने खतपाणी घातले.

या हवेत सामने झाले. ८ जूनला तेगुसिगाल्पात होंडुरासने अगदी शेवटच्या क्षणी गोल करून १-० असा विजय मिळवला. १५ जूनला सान साल्वादोरमध्ये एल साल्वादोर ३-० ने जिंकला. दोन्ही ठिकाणी पाहुण्या खेळाडूंना रात्रभर गोंगाट करून झोपू दिले नाही. दुसऱ्या सामन्यानंतर होंडुरासमध्ये साल्वादोरींची दुकाने आणि घरे फोडली गेली आणि निर्वासितांचा लोंढा वाढला. त्या काळी गोलफरक धरत नसत, म्हणून निकालासाठी २७ जूनला मेक्सिको सिटीत तिसरा सामना झाला. जादा वेळेत एल साल्वादोरने तो ३-२ असा जिंकला, पण तोवर दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध तुटले होते.

एल साल्वादोरचे अध्यक्ष जनरल फिदेल सांचेस एर्नांदेस यांच्यापुढचा पेच उघड होता. परतणाऱ्यांना जमीन द्यायची तर घराण्यांना हात लावावा लागणार. त्यापेक्षा शेजाऱ्याशी लढणे सोपे वाटले.

१४ जुलैच्या संध्याकाळी साल्वादोरी विमानांनी तेगुसिगाल्पाच्या तोन्कोन्तिन विमानतळावर हल्ला केला. पुरेशी बॉम्बफेकी विमाने नव्हती, म्हणून मालवाहू विमानांच्या दारातून माणसे हाताने बॉम्ब ढकलत होती. पायदळाने पश्चिमेला नुएवा ओकोतेपेके हे गाव घेतले. होंडुरासचे सैन्य दुबळे, पण हवाई दल सरस होते. त्याने किनाऱ्यावरच्या तेलाच्या टाक्यांवर हल्ले केले आणि एल साल्वादोरची आगेकूच इंधनावाचून अडू लागली. १७ जुलैला होंडुरासचे कॅप्टन फेर्नांदो सोतो यांनी एकाच दिवसात तीन विमाने पाडली. दोन्ही बाजूंची विमाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली अमेरिकी बनावटीची. पंख्याच्या लढाऊ विमानांची ही जगातली शेवटची झुंज मानतात. त्याच आठवड्यात अपोलो ११ चंद्राकडे निघाले होते, त्यामुळे जगाचे डोळे भलतीकडेच होते.

अमेरिकी राष्ट्रसंघटनेच्या मध्यस्थीने १८ जुलैला शस्त्रसंधी ठरली. निर्बंधांचा बडगा दाखवल्यावर ऑगस्टच्या सुरुवातीला साल्वादोरी सैन्य मागे गेले. मेलेल्यांत बहुसंख्य होंडुरासचे सामान्य नागरिक होते. साठ हजार ते एक लाख तीस हजार साल्वादोरी आपल्या देशात परतले, असे अंदाज आहेत.

सामाईक बाजारपेठ मोडकळीला आली. होंडुरासने १९७० च्या अखेरीस अंग काढून घेतले आणि एल साल्वादोरच्या मालाची सर्वांत जवळची पेठ गेली. विश्वचषकात एल साल्वादोरच्या संघाने तिन्ही सामने गमावले, एकही गोल न करता. होंडुरासमध्ये भूमिहीनांचा रेटा उलट वाढला आणि त्याच लोपेस आरेयानो यांना १९७२ मध्ये पुन्हा सत्ता घेतल्यावर जमीनवाटपाचा हुकूम काढावा लागला. एल साल्वादोरमध्ये तसे काही घडले नाही. बाहेर पडायची वाट बुजली होती आणि परतलेल्यांच्या हाताला ना शेत होते ना काम. या युद्धामुळेच यादवी झाली असे म्हणणे घाईचे ठरेल, पण १९८० ते १९९२ या काळात सुमारे ७५ हजार माणसांचा बळी घेणाऱ्या यादवीला सरपण इथूनही मिळाले.

३० ऑक्टोबर १९८० रोजी लिमामध्ये दोन्ही देशांनी शांतता करार केला. तोवर सीमेवरचे वादग्रस्त तुकडे कोणाच्याच ताब्यात नव्हते आणि एल साल्वादोरचे बंडखोर त्यांत आसरा घेत. पण या बंडखोरांविरुद्ध दोन्ही सैन्यांची जवळीक कराराआधीच दिसली होती. त्याच वर्षी १४ मे रोजी साल्वादोरी लष्करापासून जीव वाचवायला शेकडो गावकरी सीमेवरच्या सुम्पुल नदीत उतरले, तेव्हा पलीकडच्या काठावर होंडुरासच्या सैनिकांनी त्यांना मागे ढकलले. त्या दिवशी किमान तीनशे माणसे मारली गेली.

सीमेचा निकाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ११ सप्टेंबर १९९२ रोजी दिला. सहा वादग्रस्त तुकड्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश जमीन होंडुरासला मिळाली. फोन्सेकाच्या आखातातले मेआंगेरा बेट एल साल्वादोरकडे गेले, एल तिग्रे होंडुरासकडे. एल साल्वादोरने मागितलेली फेरतपासणी २००३ मध्ये फेटाळली गेली. निकालाने त्या तुकड्यांतल्या हजारो साल्वादोरींच्या पायाखालचा देश बदलला. त्यांचे नागरिकत्व आणि शेतांवरचे हक्क राखण्यासाठी १९९८ मध्ये वेगळा करार करावा लागला, आणि त्यानंतरही जमिनीच्या कागदासाठी त्यांचे हेलपाटे चालूच राहिले.