नांतचा किल्ला आणि आमच्या गडावरची पाटी

किल्ला पाहायला गेलेल्या माणसाला काय पाहायला मिळते? राजाचे सिंहासन कुठे होते ती जागा, राणीचा महाल, दारूगोळ्याचे कोठार, कडेलोटाची जागा. वाटाड्या पाठ केलेले सांगतो, आपण माना डोलावतो आणि खाली उतरतो. तो दगड कोणी वाहिला, रात्रीचा पहारा कोणी केला, त्या वैभवाची किंमत कोणाच्या पाठीवरून वसूल झाली, हे ना वाटाड्या सांगत, ना पाटी. जगात सगळीकडे असेच असते, अशी आमची समजूत होती. फ्रान्समधल्या एका किल्ल्याने ती खोटी ठरवली. म्हणून हा लेखनप्रपंच.

वकिलीच्या कामानिमित्त पॅरिसला जाणे झाले आणि एक दिवस मोकळा मिळाला. आयफेल टॉवर बाजूला ठेवून आम्ही सकाळची रेल्वे धरली आणि दोन-सव्वादोन तासांत नांत गाठले. फ्रान्सच्या पश्चिमेला लुआर नदीकाठी वसलेले हे शहर. स्टेशनापासून चालत काही मिनिटांवर ब्रिटनीच्या ड्यूकांचा किल्ला आहे. भोवती खंदक, जाडजूड बुरूज आणि आत पांढऱ्या दगडाचा राजवाडा. १४६६ मध्ये ड्यूक फ्रांस्वा दुसरा याने हे बांधकाम काढले. त्याची मुलगी अ‍ॅन पुढे दोनदा फ्रान्सची राणी झाली. नंतर किल्ला सैन्याकडे गेला, १८०० मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात त्याचा एक बुरूज उडाला, १९१५ मध्ये नगरपालिकेने तो विकत घेतला. अनेक वर्षांच्या दुरुस्तीनंतर फेब्रुवारी २००७ मध्ये तिथे शहराच्या इतिहासाचे संग्रहालय उघडले. तीसहून अधिक दालने आहेत.

पहिली काही दालने पाहताना आम्हाला वाटले, हेही आपल्यासारखेच. राजे, राण्या, मुकुट, करारनामे. पुढे मात्र पाय थबकले.

भिंतीवर एका जहाजाचे चित्र होते. नाव 'मारी-सेराफिक'. १७७० च्या सुमारास काढलेले जलरंगातले चित्र. जहाजाचा उभा छेद घेऊन आत काय भरले आहे ते दाखवलेले. तळाला पिंपे, वर मालाच्या गाठी आणि त्यावरच्या मजल्यावर माणसे. एकमेकांना चिकटवून, ओळीने निजवलेली काळी माणसे. ३०७ माणसे. हे चित्र कोणा दयाळू सुधारकाने निषेध म्हणून काढलेले नाही. जहाजाच्या मालकाचे आणि कप्तानाचे नाव मिरवणारे ते अभिमानाचे चित्र आहे. आपला धंदा किती नेटका चालतो, हे दाखवायला काढलेले!

त्याच जहाजाचे दुसरे चित्र त्याहून भयंकर आहे. जहाज आजच्या हैतीच्या बंदरात लागले आहे आणि माणसांची विक्री उघडली आहे. जहाजाच्या मागच्या भागात गोरे स्त्री-पुरुष मेज मांडून जेवत आहेत. मध्ये एक लाकडी कूड आणि त्याच्या पलीकडे विकायला काढलेली माणसे. त्या कुडाकडे आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. अलीकडे पंगत आणि पलीकडे माणूस असूनही माणूस नसलेला. हा कूड आम्हाला अनोळखी कसा वाटावा?

नांत हे फ्रान्सच्या गुलाम व्यापाराचे सर्वांत मोठे बंदर होते. या एका शहरातून १,७०० हून अधिक सफरी निघाल्या. सुमारे साडेपाच लाख आफ्रिकी माणसे नांतच्या जहाजांनी समुद्रापार नेली. फ्रान्सच्या एकूण गुलाम व्यापारातला सुमारे ४३ टक्के वाटा नांतचा. त्या पैशातून बांधलेल्या व्यापाऱ्यांच्या हवेल्या आजही उभ्या आहेत आणि काहींच्या दर्शनी भिंतींवर आफ्रिकी माणसांचे दगडी चेहरे कोरलेले आहेत. संग्रहालय यातले काही लपवत नाही. शहराची श्रीमंती कुठून आली, ते शहराच्याच किल्ल्यात, शहराच्याच पैशाने लिहून ठेवले आहे.

वकील म्हणून आमचे लक्ष कायद्याकडे गेले नसते तरच नवल. १५९८ मध्ये याच नांत शहरात चौथ्या हेन्रीने फर्मान काढून प्रोटेस्टंट पंथीयांना उपासनेची मुभा दिली. फ्रान्स त्याचा अभिमान बाळगतो. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने ते फर्मान रद्द केले आणि त्याच वर्षी 'कोड न्वार', म्हणजे काळ्यांसाठीचा कायदा काढला. त्याच्या ४४ व्या कलमाने गुलामाला जंगम मालमत्ता ठरवले. ३८ व्या कलमात पळून जाणाऱ्याला शिक्षा आहे. पहिल्यांदा कान कापणे आणि खांद्यावर डाग देणे, दुसऱ्यांदा पायाची शीर तोडणे, तिसऱ्यांदा मृत्यू. कलमे क्रमवार, भाषा स्वच्छ, कुठे संदिग्धता नाही. अन्याय बेकायदा असतो असे कोण म्हणतो? अन्याय पुष्कळदा उत्तम मसुदा घेऊन येतो. शिक्षेची उतरंड लावणारे असे ग्रंथ आमच्याही देशात होते आणि त्यातला एक बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळला गेला, हे वाचकांना सांगायला नको.

फ्रान्सने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली, नेपोलियनने १८०२ मध्ये ती पुन्हा आणली, अखेर १८४८ मध्ये ती संपली. त्यानंतर भरपाई कोणाला मिळाली? १८४९ च्या कायद्याने मालकांना! ज्यांनी माणसे राबवली त्यांना सरकारी तिजोरीतून पैसे, आणि जी राबली त्यांना ना जमीन, ना रोकड. हे वाचताना आम्हाला आपला १९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा आठवला. पिढ्यान्‌पिढ्या गावाची वेठ वाहिलेल्या माणसाला वतनाची जमीन परत घ्यायची तर कब्जेहक्काची रक्कम भरावी लागली. मुक्तीचे बिल नेहमी मुक्त होणाऱ्याच्याच हाती का दिले जाते?

एका दालनात कापड दिसले आणि आम्ही थोडे शरमलो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसाच्या बदल्यात नांतचे व्यापारी जे देत, त्यात कापडाचा वाटा फार मोठा होता. त्यातले पुष्कळसे कापड हिंदुस्थानातले, कोरोमंडल किनाऱ्यावरचे. पुढे नांतमध्येच छापील कापडाचे कारखाने निघाले, तरी त्या कापडाचे नाव 'अँदिएन', म्हणजे हिंदी, असेच राहिले. इथल्या विणकराने आणि रंगाऱ्याने पोटासाठी विणलेले, रंगवलेले कापड तिथे माणसाची किंमत झाले. त्या कारागिराला त्याचा पत्ताही नसेल. व्यापार करणाऱ्याला मात्र सगळे ठाऊक होते.

महात्मा फुल्यांना ही नाळ त्या काळात उमगली होती. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिताना त्यांनी तो ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी तर गुलाम आणि अस्पृश्य यांची कायदेतज्ज्ञाच्या नजरेने तुलना केली. गुलाम मालमत्ता असल्याने त्याला जगवण्यात मालकाचा स्वार्थ तरी असतो. अस्पृश्याची तेवढीही जबाबदारी कोणावर नसते, असा त्यांचा मुद्दा होता. नांतच्या किल्ल्यात उभे राहिल्यावर त्या मुद्द्याचे वजन कळते.

आता महत्त्वाचा प्रश्न. नांतच्या लोकांना हे शहाणपण आपोआप सुचले काय? मुळीच नाही. १९८५ मध्ये कोड न्वारला तीनशे वर्षे झाली, तेव्हा काही अभ्यासकांनी आणि नागरिकांनी स्मरणाचा कार्यक्रम ठरवला. तेव्हाच्या नगरपालिकेने त्याला पाठबळ नाकारले. पुढे सत्ता बदलली, नागरिकांची संघटना उभी राहिली आणि १९९२ ते १९९४ या काळात याच किल्ल्यात गुलाम व्यापारावर मोठे प्रदर्शन भरले. लाखो लोकांनी ते पाहिले. १९९८ मध्ये गुलामगिरी-मुक्तीच्या दीडशेव्या वर्षी नदीकाठी एक पुतळा उभारला गेला आणि थोड्याच दिवसांत त्याची विटंबना झाली. पुतळ्याची विटंबना म्हणजे काय, हे आदल्याच वर्षी घाटकोपरच्या रमाबाईनगरात दहा माणसे गमावलेल्या समाजाला समजावून सांगावे लागत नाही. नांतचे लोक खचले नाहीत. त्यांनी कायमच्या स्मारकाची मागणी लावून धरली. २००१ मध्ये गयानाच्या खासदार क्रिस्तियान तोबिरा यांच्या पुढाकाराने फ्रान्सने कायदा करून गुलाम व्यापार आणि गुलामगिरी हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवला आणि शाळेच्या अभ्यासक्रमात त्याला स्थान द्यावे, असेही त्याच कायद्यात लिहिले.

मार्च २०१२ मध्ये नदीकाठी स्मारक उभे राहिले. किल्ल्यातून निघून आम्ही तिथे चालत गेलो. पायाखाली काचेच्या दोन हजार पट्ट्या आहेत. त्यातल्या १,७१० पट्ट्यांवर नांतहून सुटलेल्या जहाजांची नावे आणि तारखा आहेत. एका जहाजाचे नाव होते 'कॉंकॉर्द', म्हणजे सलोखा! माणसे विकायला निघालेल्या जहाजाचे नाव सलोखा. आमच्याकडे 'समरसता' हा शब्द ऐकताना अंगावर काटा का येतो, हे आता वेगळे सांगायला हवे काय? त्या पट्ट्यांवर जहाजांची नावे आहेत, माणसांची नाहीत. मालाच्या यादीत माणसाचे नाव कोण लिहितो? भीमा कोरेगावच्या स्तंभावर आमच्या पूर्वजांची नावे नाकप्रत्ययासह कोरलेली आहेत, त्या नावांची किंमत आम्हाला नांतच्या नदीकाठी नव्याने समजली.

सगळे संपले, सगळे फिटले, असेही नाही. कोड न्वार औपचारिकरीत्या कधी रद्दच झालेला नाही, ही गोष्ट मे २०२५ मध्ये फ्रान्सच्या संसदेत निघाली आणि तेव्हाचे पंतप्रधान फ्रांस्वा बायरू यांना तो रद्द करण्याचे आश्वासन द्यावे लागले. मात्र संग्रहालयाचा एक करारीपणा सांगितलाच पाहिजे. २०२० मध्ये या किल्ल्यात चंगीझखानावर प्रदर्शन भरायचे होते. चीनच्या सरकारी यंत्रणेने अट घातली की 'चंगीझखान', 'साम्राज्य', 'मंगोल' हे शब्दच काढा आणि मजकूर आमच्याकडून तपासून घ्या. संग्रहालयाने प्रदर्शन थांबवले, शब्द काढले नाहीत. पुढे मंगोलियाच्या सहकार्याने ते २०२३ मध्ये भरवले. पाटीवरचे शब्द कोणाचे, हा सत्तेचा प्रश्न असतो, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

परतीच्या गाडीत आम्हाला आमची आजी आठवली. आमचे गाव एका गडाच्या पायथ्याला. आठवीत शाळेची सहल त्या गडावर गेली होती. संध्याकाळी घरी आल्यावर आजीने विचारले, "मेटावरच्या आपल्या लोकांचं काय सांगितलं रं तिथं?" आम्ही म्हणालो, "काहीच नाही." आजी काही बोलली नाही. चुलीत लाकूड सारत राहिली. गडाच्या घेऱ्याची राखण आमच्या पूर्वजांनी केली, वैरण-लाकूड त्यांनी वर चढवले, शत्रू आला तर पहिला घाव त्यांनी झेलला. शिवरायांच्या गडांच्या घेऱ्यात महार, रामोशी, कोळी, बेरड राखणीला असत, हे इतिहासाचे अभ्यासक मान्य करतात. पाटी मान्य करत नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत. आम्हाला त्याचा आनंद आहे, कारण ते गड आमच्याही पूर्वजांच्या घामाचे आहेत. वारसा म्हटला की नव्या पाट्या येणार, माहिती केंद्रे येणार. त्यावर काय लिहिले जाणार? मजकूर ठरवणाऱ्या समितीत कोण बसणार? कोणी म्हणेल, अशाने समाजात दुही माजते. नांतमध्येही काही लोकांना जुन्या जखमा उकरायच्या नव्हत्या. खरे लिहिल्यामुळे ते शहर दुभंगले नाही. शाळेची मुले आज त्या किल्ल्यात रांगेने येतात आणि आपल्या शहराचा गुन्हा वाचून जातात. आम्ही ती रांग डोळ्यांनी पाहिली आहे.

म्हणून बांधवांना आमची विनंती आहे. पुढच्या वेळी गडावर जाल तेव्हा पाटी वाचा, तिचा फोटो घ्या आणि काय लिहिलेले नाही ते वहीत टिपा. मग माहितीच्या अधिकाराखाली साधा अर्ज करा. हा मजकूर कोणी लिहिला, कोणी मंजूर केला, कोणत्या कागदांच्या आधारे? गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी त्यांच्या हयातीतच लिहून घ्या. आमचा पहिला अर्ज आम्ही आमच्याच गावच्या गडासाठी लिहून ठेवला आहे. उत्तर ऐकायला आजी नाही. तिचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे.