पुडीतले क्षार आणि दारातला कुत्रा

चैत्र-वैशाखाच्या दमट उकाड्यात पालघर ते तारापूर या पट्ट्यात माणसांइतकेच कुत्रेही हैराण होतात. तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या फाटकांपाशी, बोईसरच्या चाळींतून आणि पालघरच्या नव्या गृहसंकुलांतून वावरणाऱ्या या प्राण्यांना कोणी ना कोणी भाकरतुकडा घालीत असतेच. अशा कुत्र्याला जुलाब लागले की त्या माणसाचा हात साहजिकच घरातल्या ओ.आर.एस.च्या पुडीकडे, म्हणजे जलसंजीवनीकडे जातो. जे लेकराला चालते ते कुत्र्याला का चालू नये? प्रश्न भाबडा वाटेल. पण उत्तर दिसते तितके सरळ नाही.

१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे पटापट मरत होती. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व सोडा यांचे पाणी रुग्णांना पाजण्याचे धाडस केले आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते ते चारच्याही खाली आले. या यशामागचे शरीरशास्त्र असे, की आतड्यात ग्लुकोज व सोडियम एकमेकांच्या सोबतीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी ओढले जाते. यात फारशी कोणाला ठाऊक नसलेली एक गोष्ट आहे. १९६० नंतरच्या दशकात हे तत्त्व तपासण्यासाठी पटकीचे जे प्रयोग झाले, त्यांतले काही कुत्र्यांवरच झाले होते. तेव्हा कुत्र्याच्या आतड्याला हे पाणी परके नाही. उलट माणसावरच त्याचे थोडे ऋण आहे.

म्हणून सौम्य जुलाब झालेल्या, शुद्धीत असलेल्या आणि आपणहून पाणी पिणाऱ्या प्रौढ कुत्र्याला खऱ्या जलसंजीवनीचे थोडे थोडे पाणी देण्यात सहसा धोका नाही. मात्र एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळली पाहिजे. अर्धी पुडी पेलाभर पाण्यात ढवळली तर तयार होते ते औषध नव्हे, खारवणी. आणि जादा मीठ कुत्र्याला बाधते. शेजारी साध्या पाण्याचे भांडे असावे. जबडा उघडून बळेच ओतू नये. पाणी फुप्फुसात उतरते. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या कुत्र्याला वैद्यकीय सल्ल्यावाचून हे देऊ नये. निव्वळ उकाड्याने धापा टाकणाऱ्या कुत्र्याची गरज वेगळी असते. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, तो जीभ बाहेर काढून अंग निववतो. त्यामुळे घामावाटे गेलेले क्षार भरून काढण्यासाठी बनविलेली खेळाडूंची पेये त्याच्या कामाची नाहीत. त्याला सावली आणि साधे पाणी हवे.

खरी अडचण पुडीची नसून डब्याची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रानुसार एक लिटर द्रावणात ग्लुकोज असते १३.५ ग्रॅम. उलट फळांच्या चवीची जी गोड पेये याच अक्षरांच्या आधाराने बाजारात खपली, त्यांपैकी काहींत लिटरमागे शंभर ग्रॅमहून अधिक साखर होती. इतक्या साखरेने जुलाब थांबण्याऐवजी वाढतात, मुलाचे आणि कुत्र्याचेही. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षे झुंज दिली. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने एप्रिल २०२२ मध्ये मनाई केली, जुलैमध्ये खुलाशाची एक ओळ छापण्याच्या अटीवर मुभा दिली आणि अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ती मुभा काढून घेतली. मधली तीन वर्षे ग्राहकाने ती बारीक ओळ वाचावी अशी अपेक्षा होती! जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले होते, की मालाचा खरा कस विक्रेत्यालाच ठाऊक असेल तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकून लावतो. येथे तर ज्याने ते प्यायचे त्या कुत्र्याला वाचताच येत नाही.

दुसरा धोका साखर नसल्याचा आहे. 'शुगर फ्री' म्हणून मिळणाऱ्या काही चूर्णांत व पेयांत झायलिटॉल हा गोडवा वापरतात. माणसाला तो सोसतो. कुत्र्याच्या शरीरात मात्र तो एकदम इन्शुलिन सोडावयास लावतो, तासाभराच्या आत रक्तातील साखर घसरू शकते आणि मात्रा अधिक झाल्यास यकृत निकामी होते. वेष्टनावर हे नाव किंवा ९६७ हा क्रमांक दिसला तर ती वस्तू कुत्र्यापासून दूरच ठेवावी.

रक्तमिश्रित जुलाब, थांबत नसलेली ओकारी, पार्व्होने ग्रासलेले पिल्लू, उन्हाने कोलमडलेला कुत्रा, या कशावरही पुडी हा इलाज नव्हे. तेथे शिरेतून सलाईनच लागते. पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हा झाला, तरी मोठ्या उपचारासाठी नजर वळते ती ऐंशीएक किलोमीटरवरच्या परळकडे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांची घडण मुळात गाईगुरांसाठी; ती एका रात्रीत बदलणार नाही. परंतु उन्हाळ्यापूर्वी त्या दवाखान्यांच्या आणि औषधांच्या दुकानांच्या भिंतीवर एक पाटी लावण्यास खर्च तो किती? पुडी कोणती, पाणी किती, झायलिटॉल कोठे पाहावे आणि केव्हा डॉक्टर गाठावा, एवढेच तिच्यावर असावे. मराठीत आणि हिंदीतही, कारण बोईसरच्या कारखान्यांतील रात्रपाळीचा पहारेकरी बहुधा उत्तरेकडचा असतो, आणि फाटकावरच्या कुत्र्याला पाणी पाजणाराही तोच.