दिलेला शब्द आणि बांधकामाचा खर्च : भाषिक कृतीचे एक उपयोजन

‘मी वचन देतो’ हे वाक्य एखाद्या घटनेचे वर्णन करीत नाही. ते उच्चारणे हीच एक कृती असते. जे. एल. ऑस्टिन यांचा हा विचार १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि १९६९ मध्ये जॉन सर्ल यांनी त्याची पद्धतशीर मांडणी केली. बांधकाम व्यवस्थापनावरील संशोधनाशी या विचाराचा संबंध कसा आला, ते येथे पाहू.

इमारतीच्या स्लॅबसाठी आधी सेंट्रिंग उभारतात, मग सळया बांधतात, विजेच्या नळ्या बसवतात आणि शेवटी काँक्रीट टाकतात. ही कामे बहुधा वेगवेगळ्या गटांकडे असतात. सळयांचे काम एक दिवस लांबले, तर पुढचा गट बसून राहतो. यंत्राचे भाडे आणि कर्जावरील व्याज मात्र थांबत नाही. रोजंदारीवरील मजुराचा तर रोजच बुडतो. शब्द एकाचा मोडतो. किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.

ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेगरी हॉवेल यांनी १९९०च्या दशकात अमेरिकेतील बांधकामांचा अभ्यास केला. आठवड्यासाठी ठरवलेल्या कामांपैकी निम्म्याच्या आसपासच कामे वेळेत पुरी होतात, असे त्यांना आढळले. यातून ‘लास्ट प्लॅनर’ ही पद्धत विकसित झाली. प्रत्यक्ष काम करवून घेणारा मुकादम हा येथे अखेरचा नियोजक मानला जातो. पुढील आठवड्यात काय पूर्ण होईल, हे तो स्वतः सांगतो. वीस कामे कबूल केली आणि तेरा झाली, तर विश्वासार्हता ६५ टक्के. उरलेली सात का राहिली, याची कारणे नोंदवून ती दूर केली जातात. नकाशा उशिरा आला, की माल पोचला नाही?

आता भाषेकडे वळू. ‘सळयांचे काम होऊन जाईल’ या वाक्यात कर्ता माणूस नाही, मुदतही नाही. ‘बघू’ या शब्दात तर होकार आणि नकार दोन्ही लपलेले असतात. ‘सोमवारी संध्याकाळपर्यंत मी सळया बांधून देतो’ या वाक्यात मात्र वक्ता स्वतःला बांधून घेतो. तरीही, सर्ल यांच्या मांडणीनुसार, केवळ वाक्यरचना पुरेशी नसते. ते काम आपल्याला करता येईल, असे वक्त्याला वाटले पाहिजे. सेंट्रिंगच अपुरे असेल, तर त्या वचनाला आधार उरत नाही.

म्हणूनच या पद्धतीत मुकादमाला ‘नाही’ म्हणण्याची मुभा असणे आवश्यक मानले जाते. ज्याला नकार देता येत नाही, त्याचा होकार हा केवळ आज्ञेचा प्रतिध्वनी असतो. त्यावर पुढच्या कामाचा हिशेब मांडता येत नाही.

स्वाध्याय : आपल्या कामाच्या ठिकाणी एका दिवसात ऐकलेली पाच आश्वासने लिहून काढा. प्रत्येकात कर्ता, मुदत आणि नकाराची शक्यता आहे का, ते तपासा.